बंद धमनी, बारीक तार आणि घाईची सही

मामांना मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घ्यायचे होते. वय बासष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा, राहणार पाटण तालुक्यातले. रोज पहाटे दुधाच्या दोन किटल्या घेऊन चढण चढून डेअरीपर्यंत जाणारा हा माणूस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फिटनेससाठी ईसीजी मागितला, त्यात काही बदल दिसले, म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली आणि शेवटी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात अँजिओग्राफी ठरली. अर्ध्या तासाचे काम, संध्याकाळी घरी, असे सांगितले होते. प्रत्यक्षात वीस मिनिटांतच मला आणि मामेभावाला आत बोलावण्यात आले. काचेपलीकडे मामा हिरव्या चादरीखाली जागे होते, छताकडे पाहत होते. काचेच्या अलीकडे पडद्यावर एक काळी वाहिनी वळण घेत खाली येत होती आणि मध्येच तुटल्यासारखी थांबत होती. "उजवी धमनी शंभर टक्के बंद आहे. आताच करून टाकू, पुन्हा सुई टोचायला नको," असे डॉक्टर म्हणाले. छातीत दुखते का, दम लागतो का, हे त्या क्षणी कोणी विचारले नाही, आणि आम्हालाही सांगायचे सुचले नाही. शंभर टक्के हा आकडा ऐकल्यावर माणसाला दुसरे काही सुचत नाही. मामेभावाने अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे तारेने धमनी उघडण्याच्या, संमतीवर सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. दोन तास चाळीस मिनिटांनी डॉक्टर थकलेल्या चेहऱ्याने बाहेर आले आणि वायर पार झाली नाही म्हणून सांगून गेले.

त्या डॉक्टरांच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि त्यांनी कष्टही प्रामाणिकपणे घेतले. हा लेख त्या सहीबद्दल आहे. पूर्ण बंद झालेल्या हृदयधमन्या उघडण्याचे तंत्र गेल्या तीस वर्षांत विलक्षण पुढे गेले आहे. ते तंत्र कोणासाठी, कधी आणि कोणाच्या हातून वापरायचे, याची व्यवस्था मात्र आपल्याकडे उभी राहिलेली नाही, आणि त्या पोकळीत निर्णय चित्र पाहून घेतला जातो. माझे म्हणणे असे आहे की हा निर्णय रुग्णाच्या त्रासावरून झाला पाहिजे, अँजिओग्राफीच्या टेबलावर तो कधीही होता कामा नये, आणि हे घडवून आणणे वैयक्तिक सद्सद्विवेकावर न सोडता सार्वजनिक नियमाने झाले पाहिजे.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण त्यावर जीव अवलंबून असतो. छातीत एकाएकी असह्य कळ येते, घाम फुटतो, डावा हात भरून येतो, तेव्हा बहुधा एखादी धमनी त्याच क्षणी गुठळीने बंद झालेली असते. तिथे मिनिटांचा हिशोब असतो आणि धमनी लगेच उघडण्याला पर्याय नाही. त्या वेळी नातेवाइकांनी शंका काढत बसू नये. इथे विषय वेगळ्या अवस्थेचा आहे. जी धमनी निदान तीन महिने पूर्ण बंद आहे, जिच्यातून रक्त मुळीच पुढे जात नाही, तिला हृदयरोगतज्ज्ञ क्रॉनिक टोटल ऑक्लूजन म्हणजे सीटीओ म्हणतात. ती हळूहळू बुजत गेलेली असते आणि त्या काळात हृदयाने आपली सोय लावून घेतलेली असते. गावाकडे मुख्य पाट गाळाने भरला, की शेजारच्या वावरातून एखादा चर फुटतो आणि पिकाला पाणी मिळत राहते, तसे शेजारच्या धमनीतून निघालेल्या बारीक वाहिन्या बंद धमनीच्या पलीकडच्या स्नायूला रक्त पोहोचवू लागतात. मामांच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसत होते, मात्र ते आम्हाला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी दाखवले: डाव्या धमनीत क्ष-किरणांना दिसणारे औषध सोडले की काही क्षणांनी उजव्या धमनीचा शेवटचा भाग उलट्या दिशेने भरत येत होता.

या पर्यायी वाटांबद्दल दोन्हीकडून अतिशयोक्ती होते. "निसर्गाने बायपास केला आहे, काळजीच नको" असे म्हणणे बरोबर नाही. विश्रांतीच्या वेळी त्या वाटा पुरेशा असतात, पण चढण चढताना, ओझे उचलताना हृदयाची मागणी वाढते तेव्हा त्या बहुधा कमी पडतात. त्या भागातला दाब मोजून पाहिला, तर पर्यायी वाटा कितीही चांगल्या दिसल्या तरी तो जवळपास नेहमीच अपुरा आढळतो. म्हणूनच अनेकांना जिना चढताना छाती भरून येते, दम लागतो, जिभेखाली गोळी ठेवावी लागते. दुसरीकडे, "शंभर टक्के बंद आहे, कधीही काहीही होऊ शकते" हेही चुकीचे आहे. जी धमनी आधीच पूर्ण बंद आहे ती उद्या आणखी बंद होणार नाही. नव्वद टक्क्यांपेक्षा शंभर टक्के अधिक भयंकर हे अंकगणित दीर्घकाळ बंद असलेल्या धमनीला लागू पडत नाही. इथे सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा सर्वांत कमी घाईचा असतो. विचार करायला आठवडे, कित्येकदा महिने हाताशी असतात. मामांच्या बाबतीत हाच वेळ आम्ही दहा मिनिटांत उधळून टाकला.

आता त्या तारेकडे वळतो, कारण तिचे महत्त्व कमी लेखून ही चर्चा करता येणार नाही. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, जिला सगळे नुसते वायर म्हणतात ती ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर जाडीची आणि साधारण दोन मीटरच्या आतबाहेर लांबीची असते. मनगटातून किंवा जांघेतून ती हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यावरून, रुळावरून डबा सरकावा तसे, बलून (धमनी रुंद करणारा फुगा) आणि स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) पुढे सरकवतात. तार पलीकडे गेली नाही तर बाकीचे काहीही जाऊ शकत नाही. आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली तेव्हा बलूनच्या टोकालाच एक आखूड तार जोडलेली होती, ती वेगळी हलवता येत नव्हती आणि पूर्ण बंद धमनी हा विषयच आवाक्याबाहेर होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन सिम्पसन यांनी बलूनच्या आतून स्वतंत्रपणे फिरवता येणारी तार आणली, आणि तेव्हापासून तारेचा वेगळा विकास सुरू झाला.

बंद धमनीसाठीच्या तारांचा इतिहास मात्र मुख्यतः जपानमधला आहे. आइची प्रांतातली असाही इंटेक ही कंपनी १९७६ मध्ये उद्योगांसाठी अतिशय बारीक पोलादी दोर बनवण्यासाठी सुरू झाली होती. धातूचे तंतू पिळण्याचे तिचे कसब आणि ओसामु काटोह यांच्यासारख्या जपानी हृदयरोगतज्ज्ञांची गरज एकत्र आली आणि १९९० च्या दशकापासून मिरॅकल, काँक्वेस्ट, फील्डर, गाया अशा तारांच्या पिढ्या तयार होत गेल्या. तारेचे टोक किती कडक हे ग्रॅममध्ये मोजतात: टोक एका पृष्ठभागावर दाबले असता ते वाकायला किती वजनाचा जोर लागतो, तो तिचा आकडा. रोजच्या अँजिओप्लास्टीतली तार एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी जोराने वाकते. बंद धमनीच्या तारा तीन, सहा, नऊ, बारा ग्रॅम आणि क्वचित त्याहूनही पुढे जातात, आणि काहींचे टोक निमुळते होत ०.००९ इंचांवर येते. टोक बारीक झाले की तोच जोर कमी जागेवर पडतो, त्यामुळे भेदण्याची ताकद आकड्यावरून वाटते त्याहून कितीतरी जास्त असते.

हे काम मी एकदा, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या परवानगीने, काचेमागून पाहिले आहे. डॉक्टरांनी नवी तार पाकिटातून काढली, तिचे अगदी शेवटचे मिलिमीटरभर टोक एका पोकळ सुईच्या तोंडात धरून किंचित वाकवले, डोळ्यांसमोर धरून पाहिले, समाधान झाले नाही म्हणून पुन्हा वाकवले. मग तारेच्या मागच्या भागावर एक लहानशी मूठ घट्ट बसवली आणि अंगठा व तर्जनीमध्ये ती पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे अशी फिरवू लागले. दोन ठिकाणांहून औषध सोडले जात होते, एक बंद धमनीच्या अलीकडून आणि दुसरे शेजारच्या धमनीतून, म्हणजे अडथळ्याची दोन्ही टोके एकाच चित्रात दिसावीत. मधले अंतर रिकामे दिसत होते; तिथे धमनी आहे, पण क्ष-किरणांना दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या वाटेवर ते बोटांना जाणवणाऱ्या अडखळण्यावरून पुढे जात होते. तार एका ठिकाणी सहज सरकली तेव्हा ते लगेच थांबले. सहज सरकणे हे चांगले लक्षण असेलच असे नाही. तार धमनीच्या पोकळीतून निघून भिंतीच्या थरांत शिरली असेल, तरीही असेच वाटते. दुसऱ्या कोनातून चित्र घेऊन खात्री केल्यावरच हात पुन्हा हलला.

समोरून वाट मिळत नसेल तर मागून जाण्याची पद्धतही जपानी डॉक्टरांनीच २००६ च्या सुमारास घडवली. ज्या पर्यायी वाहिन्यांनी स्नायू जगवला त्यांतल्याच एखादीतून, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून, मऊ तार हळूहळू नेऊन अडथळ्याच्या पलीकडच्या बाजूला पोहोचायचे आणि तिथून उलटे भेदत यायचे. हे ज्यांच्या हाताला साधले आहे त्यांच्याबद्दल मला निखळ आदर आहे. हे कौशल्य वर्षानुवर्षे, शेकडो रुग्णांच्या अनुभवातून येते, आठवड्याच्या कार्यशाळेतून येत नाही.

आणि याच कारणाने ते जोखमीचे आहे. अमेरिकेतल्या बारा केंद्रांवर, या कामात मुरलेल्या डॉक्टरांनी केलेल्या १००० रुग्णांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत शंभरातल्या ८६ जणांची धमनी उघडली. पण रुग्णालयातच दगावलेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के होते आणि जवळपास ५ टक्के रुग्णांच्या धमनीला उपचार करावे लागतील असे छिद्र पडले. छिद्रातून रक्त हृदयाच्या आवरणात साचले की हृदय आवळले जाते, आणि मग सुई घालून ते काढेपर्यंत प्रत्येक क्षण कठीण असतो. शिवाय तासन्‌तास क्ष-किरण एकाच ठिकाणी पडल्याने पाठीची कातडी काही आठवड्यांनी भाजल्यासारखी होऊ शकते, आणि चित्रासाठी सोडलेले औषध मूत्रपिंडांना बाधू शकते. मधुमेही रुग्णांत ही भीती अधिक. मामांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, चार दिवस वाढलेले राहिले. निष्णात हातांतले हे आकडे आहेत. वर्षाकाठी अशा चार-सहा केसेस करणाऱ्या ठिकाणी काय होते, याची आपल्याकडे कोणी सार्वजनिक नोंदच ठेवत नाही, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

एवढी जोखीम घेऊन मिळते काय? आयुष्य वाढते, हार्ट अटॅक टळतो, असे बहुतेक नातेवाइकांना वाटते, आम्हालाही वाटले होते. पुरावा तसे सांगत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओएटी या चाचणीत, हार्ट अटॅकनंतर तीन ते अठ्ठावीस दिवसांनीही धमनी पूर्ण बंदच असलेल्या २१६६ स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांची धमनी उघडली गेली. मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा हृदय निकामी होणे यांत त्यांचा काही फायदा झाला नाही. ते रुग्ण सीटीओच्या व्याख्येत बसत नव्हते, पण बंद वाहिनी उघडली की भलेच होणार, या सरधोपट विश्वासाला त्या चाचणीने पहिला मोठा धक्का दिला. २०१९ मध्ये आलेली डिसिजन-सीटीओ ही चाचणी थेट याच प्रश्नावर होती. दक्षिण कोरियाच्या पुढाकाराने आशियातल्या केंद्रांवर झालेल्या या चाचणीत ८१५ रुग्णांचे निकाल तपासले गेले आणि सुमारे चार वर्षांच्या पाठपुराव्यात, बंद धमनी उघडलेल्यांत आणि ती न उघडता औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यू, अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा धमनी उघडावी लागणे यांचे एकत्रित प्रमाण जवळपास सारखेच राहिले.

या चाचणीवर हृदयरोगतज्ज्ञ जे आक्षेप घेतात ते हलके नाहीत. रुग्ण पुरेसे मिळाले नाहीत म्हणून ती लवकर थांबवली गेली, औषधांच्या गटातले बरेच रुग्ण पुढे धमनी उघडून घेऊन मोकळे झाले, आणि पुष्कळांना मुळात त्रासच सौम्य होता. हे सगळे मान्य केले तरी त्यातून निघते एवढेच, की फायदा नाही हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. फायदा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तरीही उघडणाऱ्याकडेच राहते, कारण छिद्र पडण्याचा धोका रुग्ण घेतो.

त्रास मात्र कमी होतो, आणि ही गोष्ट मी तितक्याच ठामपणे मांडतो. युरो-सीटीओ या २०१८ च्या चाचणीत ३९६ रुग्ण होते. वर्षभराने, धमनी उघडलेल्या गटात शंभरातले ७२ जण छातीच्या दुखण्यापासून पूर्ण मुक्त होते, तर औषधांच्या गटात ५८. हा फरक खरा जगण्यातला आहे: बाजारातून पिशवी घेऊन येता येणे, नातवाला उचलता येणे. अर्थात रुग्णाला आपली धमनी उघडली आहे हे ठाऊक होते आणि नुसत्या त्या जाणिवेनेही बरे वाटते. ऑर्बिटा या २०१७ च्या ब्रिटिश चाचणीने, एका धमनीत अडथळा असलेल्या स्थिर रुग्णांत, खोटी प्रक्रिया केलेल्या गटालाही चांगलेच बरे वाटल्याचे दाखवले होते. पुढे २०२३ मध्ये त्याच चमूच्या ऑर्बिटा-२ ने, छातीदुखीची औषधे बंद ठेवलेल्या ३०१ रुग्णांत अँजिओप्लास्टीने खरोखरच दुखणे कमी होते, हेही दाखवले. म्हणजे तक्रार असलेल्या रुग्णाला आराम देणे हा या उपचाराचा पक्का आधार आहे, आणि ज्याला तक्रारच नाही त्याला देण्यासारखे त्याच्याकडे फारच थोडे आहे. युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना औषधे देऊनही दुखणे उरले असेल किंवा बंद धमनीमुळे हृदयाचा मोठा भाग उपाशी राहत असेल तेव्हाच याचा विचार करा म्हणतात; अमेरिकेच्या २०२१ च्या सूचना तर, बाकीचे अडथळे काढून आणि औषधे देऊनही त्रास उरलेल्या रुग्णांतसुद्धा फायदा अनिश्चित असल्याचे नोंदवतात.

मग त्रास किती, औषधे पुरती दिली का, पलीकडचा स्नायू जिवंत आहे का, बायपास अधिक योग्य ठरेल का, हे प्रश्न कधी विचारायचे? अँजिओग्राफीच्या टेबलावर ते विचारताच येत नाहीत. स्नायू जिवंत आहे का हे पाहायला एमआरआय किंवा थॅलियम स्कॅनसारखी तपासणी लागते. औषधे पुरेशी आहेत का हे कळायला काही आठवडे द्यावे लागतात. बायपासचा विचार करायला शल्यचिकित्सकाने चित्रे पाहावी लागतात. जाणते सीटीओ तज्ज्ञ स्वतः सांगतात, की या प्रक्रियेची अर्धी लढाई आधीच्या चित्रांचा शांतपणे अभ्यास करण्यात असते: अडथळ्याचे तोंड निमुळते की बोथट, कॅल्शियम किती, वळण किती, लांबी वीस मिलिमीटरपेक्षा जास्त का, आधी कोणी प्रयत्न करून हरले आहे का. या पाच गोष्टींवरून काठिण्य मोजण्याचा जपानी गुणांक २०११ पासून जगभर वापरात आहे. "पुन्हा सुई टोचायला नको" या सोयीसाठी हा सगळा अभ्यास वगळणे म्हणजे रुग्णाची सोय पाहणे नव्हे. आणि पहिला प्रयत्न फसला की पुढच्याचे काम अवघड होते. आधीचा अपयशी प्रयत्न हा त्या पाचांतलाच एक गुण आहे. मामांना उद्या खरोखर त्रास सुरू झाला, तर ती खूण त्यांच्या खात्यावर आधीच पडलेली आहे.

कायदाही इथे स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात सांगितले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती धरता येत नाही, आणि जीव वाचवण्याची निकड नसेल तर संमती त्या सज्ञान रुग्णाचीच हवी. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली होती, आणि न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. मामा तर भुलेखालीही नव्हते. ते काचेपलीकडे जागे होते. त्यांना विचारता आले असते. त्यांच्या हृदयावर काय करायचे याची चर्चा, ते पाहत असताना, त्यांना ऐकू न येणाऱ्या खोलीत झाली. तपासणी आणि उपचार दोन्हींची एकत्र संमती आधीच घेऊन ठेवण्याची मुभा न्यायालयाने ठेवली आहे आणि रुग्णालये छापील अर्जात तसे वाक्य घालतात. साध्या अडथळ्यासाठी ते चालण्यासारखे असेल. दीर्घकाळ बंद असलेल्या धमनीसाठी ते मुळीच चालू नये. महाराष्ट्र शासनाने एवढे एक कलम केले, की स्थिर रुग्णाची सीटीओ प्रक्रिया अँजिओग्राफीच्याच बैठकीत करता येणार नाही, तर माझ्या मते निम्मा प्रश्न सुटेल.

उरलेला निम्मा पैशांचा आहे, आणि तिथे अन्याय उलट्या दिशेने होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट करांव्यतिरिक्त २९,६०० रुपयांवर आला, त्याआधी काही स्टेंट लाखाच्या पुढे विकले जात. तो निर्णय योग्य होता आणि मी त्याचे स्वागत केले होते. पण तारा, मायक्रोकॅथेटर (तारेला आधार देणारी बारीक नळी), बलून यांच्यावर अशी मर्यादा आली नाही. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, एवढेच बंधन. साध्या अँजिओप्लास्टीत एक तार लागते, त्यामुळे बोजा जाणवत नाही. बंद धमनीत एकापाठोपाठ चार, पाच, सहा विशेष तारा लागू शकतात. मामांना स्टेंट एकही पडला नाही, तरी बिल स्टेंट पडलेल्या माणसाच्या तोडीचे होते.

आमच्या इमारतीत तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या काकूंची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यांना तीन औषधे चालू असूनही प्रत्येक मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबावे लागते. तपासण्या पूर्ण झाल्या आहेत, डावीकडची एक मोठी धमनी दीर्घकाळ बंद आहे, स्नायू जिवंत आहे. ज्यांच्यासाठी ही तार आहे त्या या काकू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यांचे नाव आहे आणि योजनेचे कुटुंबामागचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढलेले आहे. तरीही एका रुग्णालयाने त्यांना सांगितले, की या तारा पॅकेजमध्ये बसत नाहीत, वरचे पैसे भरावे लागतील. योजनेचे पॅकेज साध्या अँजिओप्लास्टीचा खर्च धरून, किती स्टेंट पडले या हिशोबाने चालते. जिथे खरा खर्च तारेवर, वेळेवर आणि हाताच्या कसबावर होतो तिथे हा हिशोब लागू पडत नाही, आणि रुग्णालय ती केस टाळते किंवा तोटा रुग्णाकडून भरून घेते. तक्रार नसलेल्या मामांसाठी चार तारा खर्च झाल्या आणि काकूंसाठी एकही निघाली नाही.

म्हणून सीटीओसाठी वेगळे पॅकेज असावे, असे माझे मत आहे. ते धमनी उघडली तरी आणि न उघडली तरी सारखेच मिळावे, कारण यशावर पैसे बांधले तर डॉक्टर थांबायला हवे तिथे थांबणार नाही, आणि या प्रक्रियेत वेळेवर थांबणे हीच मोठी शिस्त आहे. ते मंजूर होण्यापूर्वी तीन कागद मागावेत: औषधोपचार किती आठवडे दिला याची नोंद, स्नायू जिवंत असल्याचा अहवाल, आणि शल्यचिकित्सकाचे मत. ते राज्यातल्या मोजक्याच केंद्रांना द्यावे, ज्यांत वैद्यकीय महाविद्यालयांची शासकीय रुग्णालये असलीच पाहिजेत, आणि त्या केंद्रांनी किती केल्या, किती उघडल्या, किती रुग्णांना इजा झाली, हे दरवर्षी जाहीर करावे. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या रुग्णाला यासाठी प्रवास करावा लागेल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तातडीच्या अँजिओप्लास्टीसाठी हा आक्षेप निर्णायक ठरतो. पण ज्या आजारात हाताशी महिने आहेत तिथे योजनेने प्रवासखर्च देऊन रुग्णाला निष्णात हातापर्यंत नेणे, हे प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला चार प्रयोग होऊ देण्यापेक्षा कितीतरी माणुसकीचे आहे.

मामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सहा महिने लांबले, पण झाले. दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या बदलल्या, साखर आणि रक्तदाब ताब्यात आणला आणि पहिल्या भेटीत अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. मामा म्हणाले, "सायेब, दम लागतोय का, ह्ये पैल्यांदाच कुणीतरी इचारलं." त्यांची जुनी फाईल माझ्याकडे आहे. वापरलेल्या प्रत्येक साहित्याच्या पाकिटावरचा स्टिकर तिच्यात एका पानावर चिकटवलेला आहे. तारांचे चार आहेत, आधी मऊ, मग कडक, मग आणखी कडक, शेवटी पुन्हा एक मऊ. डिस्चार्ज कार्डावर या सगळ्यासाठी एकच ओळ आहे: वायर पार झाली नाही, औषधे चालू ठेवावीत. रुग्णाला काय त्रास होता, हे लिहिण्यासाठी त्या कार्डावर एक रकाना आहे. तो कोरा आहे.